गाण्याखाली नाव कुणाचं?



अंकासाठी येणाऱ्या टपालात कविता सगळ्यांत जास्त असतात. गाणी टपालानं येत नाहीत, ती ऐकायला जावं लागतं. आमच्या अल्लीपुरात आणि हिंगणघाट तालुक्यातल्या आजूबाजूच्या गावांत ती कपाशीच्या निंदणात ऐकू येतात, हळदीच्या मांडवात, भजनी मंडळात, आणि भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईपुढे. कविता पाठवणारी मुलगी कागदाखाली पूर्ण नाव, शिक्षण आणि मोबाइल नंबर लिहिते. गाणं म्हणणारी बाई मात्र आपण वही काढली की थांबते. "अवं माय, लिहू नको. हे काई कविता नाही. असंच आहे हे."

हे 'असंच आहे' तिला कुणी शिकवलं?

गीतकाराला कवी म्हणावं का, गाण्याला साहित्य म्हणावं का, ही चर्चा साहित्याच्या वर्तुळात अधूनमधून रंगते. २०१६ साली बॉब डिलन या अमेरिकन गायकाला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा ती जगभर रंगली. खरं तर शंभर वर्षांपूर्वी, १९१३ मध्ये, तोच मान रवींद्रनाथांना मिळाला होता तो मुख्यतः 'गीतांजली'मुळे, आणि त्या पुस्तकाच्या नावातच गीत आहे. असो. आपल्यासाठी हा प्रश्न अभिरुचीचा नाही. कुणाचं बोलणं साहित्यात धरायचं आणि कुणाचं 'असंच' म्हणून सोडून द्यायचं, असा तो प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर आजवर बहुतेक वेळा बाईच्या विरोधात गेलेलं आहे.

मराठीपुरतं पाहिलं तर गाणं आधीचं आहे, आणि ते बायकांच्या तोंडचं आहे. याला लेखी पुरावा आहे. ११२९ च्या सुमारास चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी झाली १२९० मध्ये, म्हणजे त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांचा साचा अगदी सारखा नाही, हे मान्य. पण नाव तेच आहे. मुसळाच्या ठेक्यावर जे घडलं तेच पुढे तत्त्वज्ञान सांगायला उपयोगी पडलं. शाळेत आपण ओवी शिकलो ती ज्ञानेश्वरांची. कांडणाऱ्या बाईचा उल्लेख आमच्या तरी पाठ्यपुस्तकात नव्हता.

दुसरं उदाहरण तर आपल्या विदर्भातलंच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभावांचे गोविंदप्रभू होते. त्यांच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला तेव्हा महदंबेनं तिथल्या तिथे लग्नाची गाणी रचून म्हटली. तेच 'धवळे'. महदंबेला आज मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. म्हणजे मराठीतली पहिली कवयित्री कोण, तर लग्नात गाणी म्हणणारी बाई! महानुभावांना आपल्या माणसांचं बोलणं जपून लिहून ठेवण्याची शिस्त होती, म्हणून ती उरली. तिच्या आधी आणि नंतर किती मांडवांत किती जणींनी गाणी रचली असतील, त्यांची 'लोकगीतं' झाली. लोकगीत या शब्दाबद्दल आमची तक्रार नाही, पण त्यातला 'लोक' म्हणजे नक्की कोण हे विचारायला हवं. गाणं काही आभाळातून पडत नाही. कुणीतरी एक बाई ते पहिल्यांदा म्हणते, दुसरी त्यात भर घालते, तिसरी एक शब्द बदलते. या तिघींना नावं होती.

संतांनी यावर उपाय काढला होता, तो नाममुद्रेचा. अभंग हे गाणंच. पण शेवटच्या चरणात रचणाऱ्याचं नाव विणलेलं. जनाबाईनं दळण-कांडण अभंगात आणलं आणि खाली स्वतःची सही ठेवली. सोयराबाईनं नवरा आणि जात या दोन्हींसकट आपली ओळख सांगितली. त्यामुळे सातशे वर्षांनंतरही या दोघींचं म्हणणं त्यांच्या नावावर आहे. जात्यावरच्या ओवीत मात्र उलटं दिसतं. तिथे भावाचं नाव येतं, लेकाचं येतं, पंढरीच्या विठ्ठलाचं येतं. म्हणणारीचं स्वतःचं नाव क्वचित. (ज्या समाजात नवऱ्याचं नाव उच्चारायचं असेल तर उखाण्याच्या दोन ओळी जुळवाव्या लागतात, तिथे नाव आणि कविता यांचा संबंध किती गुंतागुंतीचा आहे यावर कधी तरी स्वतंत्र लिहायला हवं.)

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण ते या बाजूनं पाहू. जन्म १८८० चा, जळगावजवळच्या आसोद्याचा. अक्षरओळख नाही. शेतात, घरात काम करता करता गाणी सुचत गेली. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या आणखी एका नातेवाइकानं त्यातली काही उतरवून घेतली. १९५१ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. त्याचं नाव 'बहिणाबाईची गाणी'. गाणी, कविता नव्हे. आणि २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं तेव्हा त्या नावाआधी 'कवयित्री' हा शब्द लागला. गाण्यापासून कवयित्रीपर्यंत हा प्रवास साठ-पासष्ट वर्षांचा, आणि तोही त्यांच्या पश्चात. त्यात एकही शब्द बदलला नाही, बदललं ते त्याच्याकडे पाहणं. सोपानदेव स्वतः कवी होते, अत्र्यांपर्यंत त्यांची पोच होती. ज्या बायांची मुलं कवी नव्हती त्यांच्या गाण्यांचं काय झालं?

त्यातल्या काही जणींपर्यंत पोचण्याचं काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी केलं. १९८० च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या गावोगावच्या कार्यकर्त्या बायकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या, एक लाखाच्या वर ओव्या. पॉइत्व्हाँ २००४ मध्ये आणि हेमाताई २०१० मध्ये गेल्या. २०१७ पासून हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं लोकांसमोर आणायला सुरुवात केली. या कामातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. आकड्याइतकंच ते महत्त्वाचं. घराघरांतलं जातं केव्हाच गेलं, चक्की आली, आणि बायकांचे पहाटेचे कष्ट वाचले हे चांगलंच झालं. जातं परत यावं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं ते स्वतः ओढावं. पण ओवीची जागाही त्याबरोबर गेली, म्हणून ही नोंद.

आता गाणं कागदावर आणताना काय होतं, ते पाहू. भुलाबाईचं एक गाणं आपण सगळ्या जणी लहानपणापासून म्हणत आलो. सुनेला माहेरी जायचं आहे. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. पेरलं. वेल येऊ दे. आला. मग फूल, मग कारलं, मग भाजी. दर वेळी एक नवी अट, आणि माहेर तिथल्या तिथे. हे कागदावर वाचलं तर पोरखेळ वाटतो. दोन कडवी वाचून माणूस म्हणेल, कळलं. पण फेर धरून म्हणताना ते संपत नाही. पाय दुखू लागतात तरी सून माहेरी निघालेली नसते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला सासरचं थांबणं काय असतं हे त्या लांबणीतून कळतं; एका ओळीच्या अर्थातून नाही. गाण्यातली पुनरावृत्ती हा दोष नसून तोच त्याचा आशय आहे. कवितेच्या मापानं मोजलं की नेमका तोच कापला जातो.

तसंच 'गं', 'बाई', 'माय' या शब्दांचं. छापताना हे शब्द भरतीचे म्हणून गाळले जातात. जात्याचा खुंटा पूर्ण फिरून येईपर्यंत ओळ पुरायला हवी, ती पुरवायचं काम हे शब्द करतात. ते काढले की ओवी लंगडते. शिवाय 'गं' म्हटलं की समोर कुणीतरी असतं. एकटी दळणारी बाईसुद्धा 'गं' म्हणते आणि स्वतःसाठी सोबत तयार करते.

आणि बोली. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो: शाळा म्हणजे शाया, काळा म्हणजे काया, डोळा म्हणजे डोया. त्यामुळे गाण्यात 'शाया' आणि 'माया' यांचं सहज यमक जुळतं. शुद्धलेखनाच्या नियमानं कुणी 'शाळा' केलं की यमक मोडलं. मग वाचणारा म्हणतो, अडाणी बाई, यमकसुद्धा साधता आलं नाही! यमक तिनं बरोबर साधलेलं होतं. मोडलं ते दुरुस्त करणाऱ्यानं. बहिणाबाईंच्या लेवा बोलीतही हाच 'य' आहे, आणि ती गाणी त्याच बोलीत छापली गेली म्हणून टिकली.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की आम्ही गाण्याचा झेंडा घेऊन निघालो आहोत. तसं नाही. बाईच्या तोंडचं गाणं हे बाईचंच म्हणणं असतं, असं मानायची चूक आपल्या चळवळीत बरेचदा होते. लावणी घ्या. 'मी' म्हणणारी बाई, नटलेली बाई, वाट पाहणारी बाई. आणि शेवटच्या ओळीतली सही राम जोशींची, होनाजीची, प्रभाकराची, पठ्ठे बापूरावांची. शब्द पुरुषाचे, इच्छाही पुरुषाला हवी तशी, आणि ती बोलून दाखवायला उभी केलेली बाई ठरावीक जातींतली. दुसऱ्या बाजूनं, तेच शब्द गाताना आणि अदा करताना त्या कलावंतिणींनी त्यांत स्वतःचं किती मिसळलं याचा हिशेब कुणी ठेवला नाही. यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

उलटही घडलेलं आहे. शांता शेळके या मराठीतल्या मोठ्या कवयित्री. १९९६ मध्ये आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्या काही चित्रपटगीतांखाली मात्र 'डॉ. वसंत अवसरे' असं पुरुषाचं नाव आहे. कारणं काही असोत. बाईच्या तोंडी पुरुषाचे शब्द आणि बाईच्या शब्दांवर पुरुषाचं नाव, हे दोन्ही प्रकार आपल्या गाण्याच्या इतिहासात आहेत. तेव्हा आवाज बाईचा आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

ओव्यांचंही तसंच. मायलेकीची, बहिणीभावाची, सासरच्या जाचाची ओवी आपल्याला जवळची वाटते, आपण ती शिबिरात म्हणतो. पण पोटी मुलगाच हवा, वांझेचं तोंड पाहू नये, भरल्या कपाळानं मरण यावं, हेही त्याच जात्यावर गायलं गेलं. ते आपण वगळतो. वगळू नये. पितृसत्ता बाईच्याच गळ्यातून, गोड चालीत, पहाटेच्या वेळी कशी बोलते, हे समजून घ्यायला याहून चांगलं साधन नाही.

चालीचं हे बळ फार मोठं आहे. शब्द कानातून शिरण्याआधी चाल शिरते आणि दार उघडून देते. आपल्या भागात गावोगाव बायकांची भजनी मंडळं आहेत; तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं त्यांना एक सवय लावली, बाईला रात्री घराबाहेर बसून गायची मुभा मिळाली. ही छोटी गोष्ट नव्हे. पण त्याच मंडळात पतीच्या पायाशीच स्वर्ग आहे अशा अर्थाची पदंही म्हटली जातात, आणि स्वतः नवऱ्याचा मार खाऊन आलेली बाई टाळ वाजवत ती म्हणते. लग्नाच्या वरातीत डीजेवर बाईला खायच्या वस्तूची नावं देणारी गाणी लागतात आणि आपल्या मुली त्यावर नाचतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, "शब्दांकडे कोण लक्ष देते?" यावर एक साधा प्रयोग आम्ही सुचवतो. बैठकीत असं एखादं गाणं चाल काढून, सावकाश, बातमी वाचावी तसं वाचायचं. बस, एवढंच. तिसऱ्या ओळीपर्यंत खोलीतलं हसू थांबतं.

म्हणजे गाण्याला कवितेसारखं वाचून पाहायचं. हाच प्रयोग उलटाही करावा, कविता मोठ्यानं म्हणून पाहावी. त्यात लक्षात येतं की काही कविता गळ्यात बसतच नाहीत, आणि बसू नयेत. नागपूरच्या ज्योती लांजेवारांची 'आई' ही कविता मुक्तछंदात आहे. कष्टानं झिजलेली, बाबासाहेबांच्या चळवळीत ताठ उभी राहणारी दलित आई. तिला चाल लावली तर ती पुन्हा ओवीतली 'माउली' होऊन बसेल. ही आई तशी नाही, म्हणून तिला तशी कविता लागली. जे एकटीनं बोलायचं आहे, जे फेरातल्या दहाजणी एका सुरात म्हणू शकणार नाहीत, त्याला कागद लागतो. नवऱ्यानं केलेला बलात्कार, नकोसं बाळंतपण, बाईवरचं बाईचं प्रेम, गटातल्याच मैत्रिणीनं पाळलेली जात. या गोष्टी आमच्याकडे कवितेतून आल्या, गाण्यातून जवळजवळ नाहीत. सावित्रीबाईंनी १८५४ मध्ये 'काव्यफुले' छापून काढलं, त्या छापण्यातही हे धाडस होतं: हे माझं, माझ्या नावानं, कुणीही वाचा.

चळवळीची गाणी या दोन्हींच्या मधली. ती बहुधा ओळखीच्या चालीवर रचलेली असतात. कमला भसीन यांनी तर पंजाबी लोकगीतांच्या चालीवर कितीतरी रचली. समीक्षक त्यांना प्रचारकी म्हणतील आणि काही बाबतीत ते बरोबरही आहे. मागण्यांची यादी चालीत बसवली की गाणं होत नाही, हे आपण आपल्यालाच सांगायला हवं. पण वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे आणि तरी दारू आहे, हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. अड्ड्यावर मोर्चा निघाला की पन्नास जणींना एका वेळी जो धीर येतो तो गाण्यानं येतो. मोर्चात कविता वाचली तर पहिल्या रांगेपलीकडे ऐकूही जात नाही.

राहिला प्रश्न नावाचा आणि मोबदल्याचा. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगीतं लिहिणाऱ्यांना त्यांच्या गाण्याच्या उत्पन्नात वाटा मागण्याचा हक्क पक्का झाला. चांगलंच झालं. पण कायदा नाव असलेल्यालाच ओळखतो. भुलाबाईची, हळदीची गाणी कॅसेटवर आली, मग सीडीवर, आता मोबाइलवर; त्यांच्यापुढे शब्दरचना म्हणून लिहिलेलं असतं 'पारंपरिक', आणि त्याच्याच खाली संगीत, संयोजन, निर्मिती यांची भरगच्च नावं. ज्या बाईनं शब्द सांगितले तिला साडीचोळी मिळाली तरी फार. साहित्य संमेलनातही तेच. आपल्या वर्ध्याला १९६९ मध्ये संमेलन झालं, पुन्हा २०२३ मध्ये झालं. १९७५ मध्ये दुर्गा भागवत आणि २०२५ मध्ये तारा भवाळकर या लोकसाहित्याच्या दोन जाणत्या अभ्यासक अध्यक्षपदी बसल्या, याचा आम्हाला अभिमान आहे. मात्र ज्यांच्या गाण्याचा अभ्यास झाला त्या अजून कविसंमेलनाच्या मंचावर नसतात. त्यांना बोलावलं तर संध्याकाळच्या सांस्कृतिक कार्यक्रमात.

नाव छापा, असं म्हणणं सोपं आहे. पण एक अडचण आम्हाला गाणाऱ्या बायांनीच दाखवली. सासूच्या जाचाची ओवी सांगणारीची सासू कधी कधी अजून ओसरीवर बसलेली असते. "नाव टाकसान तं घरी महाभारत होईन," असं एकीनं स्वच्छ सांगितलं. बिननावाचं राहण्यात बाईला आडोसाही मिळतो. गाणं सगळ्यांचं असतं म्हणूनच तिला त्यात स्वतःचं बोलता येतं, पकडलं गेलं तर म्हणता येतं, "मी नाही वं, गाण्यातच तसं आहे." तिचा हा आडोसा आपल्या उत्साहापायी काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून नाव द्यायचं की नाही हे तीच ठरवेल, आणि ते विचारताना घरातलं दुसरं कुणी जवळ नसावं.

या अंकापासून 'कविता' आणि 'लोकगीते' अशी दोन वेगळी पानं राहणार नाहीत. दोन्ही एकाच पानांवर, एकाच टायपात येतील. गाणं पाठवताना म्हणणारीनं ते कुणाकडून घेतलं, कोणत्या कामाच्या वेळी म्हणतात, चाल कशासारखी, आणि तिनं स्वतः कुठे शब्द बदलला, हे चार ओळींत जरूर कळवा. 'गं' गाळू नका. 'शाया' ऐकलंत तर 'शाया'च लिहा. लिहून झालं की तिला वाचून दाखवा आणि तिची हरकत असेल ते काढून टाका. ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांचं नाव आणि गाव गाण्याखाली छापू. ज्यांना द्यायचं नाही त्यांच्या गाण्याखाली 'नाव राखून ठेवलं आहे' असं येईल. 'पारंपरिक' असं येणार नाही.